उचलली जीभ

हेडफोनमध्ये ‘टिक’ असा आवाज आला तेव्हा पहिला संशय मी केबलवर घेतला. केबल बदलली. टिक तसाच. मग माइकचा स्टँड, मग खुर्ची, मग माइकसमोर वाचणारीच्या शर्टाचं बटण. पुस्तकं वाचून घ्यायची, रेकॉर्ड करायची आणि मग त्यातले श्वास, आवंढे, पोटातली गुरगुर असं सगळं कापून काढायचं, हे माझं काम. तीस वर्षं हेच केल्यावर माणसाला आवाज ऐकू येण्याआधी आवाजातला कचरा ऐकू येतो. पण हा कचरा कुठून येतोय ते काही केल्या सापडेना. तो सलगही येत नव्हता. एका वाक्यात चारदा, पुढच्या दोन वाक्यांत एकदाही नाही.

शेवटी पडद्यावर एक वाक्य ताणून मोठं केलं आणि प्रत्येक टिकच्या शेजारी कोणतं अक्षर येतं ते कागदावर मांडत गेलो. ल. न. ल. त. पुन्हा ल. ‘म’पाशी एकदाही नाही, ‘प’पाशी नाही, ‘क’पाशी नाही. ओठांची अक्षरं स्वच्छ, घशाकडची अक्षरं स्वच्छ. जिभेचा शेंडा वर जाऊन खाली येतो तिथे मात्र टिक. मी काचेपलीकडे पाहिलं. ती पाणी पीत होती. टॉकबॅकचं बटण दाबून विचारलं, “तोंडात काही आहे का गं?”

तिने क्षणभर छताकडे पाहिलं आणि मग जीभ बाहेर काढली. मधोमध, माळेतल्या बारीक मण्याएवढी, एक चकचकीत गोळी.

“सर, रागावू नका ना,” ती म्हणाली. ‘रागावू’ नीट आलं. ‘सर’मधला ‘स’ आला नाही.

रागावलो नाही असं नाही. त्याआधी दहा दिवस ती घसा बसल्याचं सांगून सुट्टीवर होती आणि घसा बसल्याचं मी विश्वासाने वेळापत्रकात लिहिलंही होतं. पण राग फार टिकला नाही, कारण तोवर माझं कुतूहल चाळवलं होतं. रोज ज्या अवयवाचे आवाज मी कापतो, त्याच्याच मधोमध कोणीतरी भोक पाडून (पियर्सिंग म्हणतात त्याला) वर-खाली गोळ्या असलेली धातूची दांडी घातली होती आणि ती बाई समोर बसून पुस्तक वाचत होती. उचलली जीभ लावली टाळ्याला, असं आपण वाटेल ते बोलणाऱ्याला म्हणतो. जणू जीभ उचलून टाळ्याला लावणं ही जगातली सगळ्यात सोपी गोष्ट आहे. पुढचे दोन महिने मी ही ‘सोपी’ गोष्ट अक्षराअक्षराने ऐकली.

आधी ‘स’चं सांगतो. ‘स’ काढताना जिभेच्या मधोमध एक पन्हळ तयार होते. दोन्ही कडा वरच्या दाढांना टेकतात, मधून हवेची बारीक धार निघते आणि समोरच्या दातांवर आपटून शीळ घालते. सगळी करामत त्या पन्हळीच्या रुंदीत आणि जागेत आहे. ती जरा रुंद झाली, जरा मागे सरकली, की ‘स’ ‘श’कडे झुकतो. पियर्सिंगची दांडी निघते ती नेमकी त्याच मधल्या रेषेतून. शेंड्यापासून दीड-दोन सेंटीमीटर मागे, वाहत्या पाटात कोणी गोटा ठेवावा तशी. पहिल्या आठवड्यातला तिचा ‘स’ मी शंभर टक्के आवाजावर ऐकला आहे. तो ‘स’ही नव्हता आणि ‘श’ही नव्हता. त्याला ओल होती. धातू तोंडात आला की तोंडाला ते काहीतरी खाणं वाटतं आणि लाळ सुटते, आणि लाळेतून जाणारी शीळ फसफसते.

‘ळ’ची तऱ्हा निराळी. ‘ळ’ला शेंडा मागे वळतो, जिभेची खालची बाजू टाळ्याला लागते आणि तिथून सुटून शेंडा पुढे आपटतो. तैत्तिरीय प्रातिशाख्य या वेदोच्चाराच्या जुन्या ग्रंथात टवर्गासाठी ‘प्रतिवेष्ट्य’ असा शब्द आला आहे: जिभेचा शेंडा मागे वळवून, गुंडाळून. हा शब्द मला फार आवडतो, कारण तो लिहिणाऱ्याने आधी स्वतःच्या तोंडात चाचपून पाहिलं असणार. आता या गुंडाळीत दांडी राहिली तर? कापडाच्या घडीत टाचणी राहिल्यासारखं. तिच्या ‘ळ’ने पहिले काही दिवस सरळ शरणागती पत्करली होती. ‘पोटात कळ आली’ हे वाक्य ‘पोटात कल आली’ असं यायचं. एका परिच्छेदात ‘काळाच्या ओघात’ होतं, ते ‘कालाच्या ओघात’ झालं, आणि गंमत म्हणजे ते संस्कृतात बरोबरच असल्यामुळे माझ्या हातून जवळजवळ निसटलं होतं.

आणि आपले दोन ‘ज’. लिहायला एक, जिभेला दोन. विश्व या अर्थाचा ‘जग’ आणि जिवंत राहा या अर्थाचा ‘जग’ कागदावर वेगळे ओळखू येत नाहीत. पहिल्यात जीभ मागे टाळ्याकडे पसरते, दुसऱ्यात पुढे दातांशी येते. ‘जगात जगायचं’ हे दोनच शब्द तिला मी पाच वेळा वाचायला लावले. पाचही वेळा दोन्ही ‘ज’ एकाच जागी, मधेच कुठेतरी पडले.

तेव्हा मला वाटलं होतं की भोकामुळे बोलणं बिघडलं. ते चुकीचं होतं. बिघडवत होती ती सूज.

जिभेला हाड नसतं असं आपण टोमण्याने म्हणतो, पण शरीररचनेच्या दृष्टीने ते अगदी खरं आहे आणि तेच तिचं बळ आहे. हात वाकतो तो हाडाच्या आधाराने, सांध्यात. जीभ वळते ती स्वतःच्याच आधाराने. तिच्यात स्नायूंच्या आठ जोड्या आहेत. चार जोड्या हनुवटीचं हाड, कवटी, टाळू अशा बाहेरच्या ठिकाणांहून येतात आणि जिभेला इकडे-तिकडे नेतात. उरलेल्या चार जिभेतच सुरू होऊन जिभेतच संपतात: लांबीच्या, रुंदीच्या, जाडीच्या दिशेने विणलेल्या. या चार तिला आकार देतात. १९८५ मध्ये विल्यम किअर आणि कॅथलीन स्मिथ या दोन शास्त्रज्ञांनी जीभ, हत्तीची सोंड आणि ऑक्टोपसचे हात यांना एकाच पंगतीला बसवलं. तिघांचं तत्त्व एकच: आतलं घनफळ बदलत नाही. पाण्याने भरलेली पिशवी एकीकडे दाबली की दुसरीकडे फुगते, तसं. जीभ अरुंद केली की लांब होते, आखडली की जाड होते. ‘इ’ म्हणताना जिभेचा मधला भाग उंच होतो तो कोणी खालून ढकलतं म्हणून नाही. मागची बाजू पुढे ओढली जाते आणि दबलेल्या मांसाला वर जाण्याशिवाय वाट उरत नाही.

हा सगळा हिशोब घनफळ ठरलेलं असण्यावर चालतो. टोचल्यावर जीभ सुजते आणि नेमका तोच आकडा बदलतो. म्हणून तर पहिली दांडी मुद्दाम लांब घालतात, सुजेला जागा राहावी म्हणून. आखूड घातली तर सुजलेली जीभ गोळी गिळून टाकते आणि ती मांसात रुतते. सूज पहिले तीन-चार दिवस चढते आणि साधारण आठवडाभरात उतरू लागते. जखम पूर्ण भरायला महिना-दीड महिना जातो. सूज उतरल्यावर ती लांब दांडी मोकळी हलते, दातांवर वाजते. माझा टिक तोच. जीभ वर जाऊन खाली आली की खालची गोळी खालच्या दातांना लागायची. दोन-तीन आठवड्यांनी तिने आखूड दांडी बसवून घेतली आणि टिक जवळजवळ नाहीसा झाला. भोक तिथेच होतं. ‘स’ परत आला होता. ‘ळ’सुद्धा.

भोकाने फारसं बिघडत नाही, याचं कारण जिभेच्या मधल्या रेषेत आहे. आरशासमोर जीभ काढली की मध्यावर एक घळ दिसते. गर्भ चार-पाच आठवड्यांचा असताना जीभ एक नसतेच. दोन बाजूंनी दोन उंचवटे वाढत येतात आणि मध्यावर मिळतात. घळ म्हणजे त्या शिवणीची खूण. शिवणीखाली तंतूंचा एक पडदा असतो. मोठ्या रक्तवाहिन्या त्याच्या दोन्ही अंगांनी जातात, नसाही. जाणकार टोचणारा म्हणूनच मध्यरेषा सोडत नाही. थोडं डावं-उजवं झालं तर रक्त थांबायला रडवतं, आणि नस दुखावली तर बधिरपणा कितीही काळ राहू शकतो. चव आणि स्पर्श या कामांसाठी जिभेकडे वेगवेगळ्या नसा येतात, हलवणारी नस तिसरीच. तेव्हा नेमकं काय जाईल हे सुई कुठे पडली त्यावर.

हे सगळं मी तेव्हा हौसेने वाचत सुटलो होतो. त्याला एक खाजगी कारण होतं.

काही वर्षांपूर्वी माझे वरचे दोन दात गेले आणि टाळूभर पसरलेली, काढता-घालता येणारी कवळी बसली. ती घालून बाहेर पडलो आणि रिक्षावाल्याला ‘सरळ’ म्हणालो, तर निघालं ‘शरल’. स्वतःच्या तोंडाला परका झालो. टाळूवर जेमतेम दोन मिलिमीटरचा थर होता, पण आत सतरंजी अंथरल्यासारखं वाटत होतं. तोंडात गेलेली गोष्ट नेहमी मोठी वाटते. जिभेच्या शेंड्यावर एकमेकांपासून मिलिमीटरभर अंतरावरची दोन टोकं वेगळी जाणवतात; पाठीवर तीच टोकं तीन-चार सेंटीमीटर दूर न्यावी लागतात, तेव्हा कुठे ती दोन आहेत हे कळतं. मेंदूत शरीराचा जो नकाशा आहे त्यात जिभेने आणि ओठांनी आपल्या आकाराच्या मानाने भलतीच जमीन बळकावली आहे. म्हणून दातात अडकलेला कण डोंगर वाटतो आणि मोकळ्या वेळात जीभ हटकून तिथेच जाते.

तेव्हा घरी बसून मी रोज तासभर मोठ्याने वाचायचो. स्वतःलाच रेकॉर्ड करायचो, कारण सवय. चौथ्या-पाचव्या दिवशी ‘स’ जागेवर आला. मी काय वेगळं केलं ते मला आजही सांगता येणार नाही. काहीच केलं नाही, ऐकलं फक्त. मात्र एक गोष्ट लक्षात राहिली. कवळीला रुळल्यावर एका रात्री ती काढून ठेवली आणि फोन आला, तर उघड्या टाळूवर ‘स’ पुन्हा घसरला. माझी स्वतःची टाळू, जन्मापासूनची, आणि जीभ तिथे अंधारात पायरी चुकावी तशी चुकत होती. पाचेक मिनिटांत ठीक झालं. पण ती पाच मिनिटं मी विसरलेलो नाही.

नंतर कळलं की हे लोकांनी प्रयोगशाळेत मुद्दाम करून पाहिलं आहे. १९७० च्या दशकात ब्यॉर्न लिंडब्लोम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या दातांमध्ये छोटे ठोकळे धरायला लावून, जबडा एका जागी अडकवून, त्यांना स्वर म्हणायला लावले. जबडा हलत नसताना ‘इ’ म्हणायचा तर जिभेला नेहमीपेक्षा कितीतरी जास्त उचलावं लागतं. लोकांनी ते केलं, आणि सरावाशिवाय, जवळजवळ पहिल्याच फटक्यात. खोटी टाळू बसवून केलेल्या प्रयोगांत मात्र ‘स’सारख्या अक्षरांना वेळ लागतो, सराव लागतो. १९९८ मध्ये हाउड आणि जॉर्डन यांनी तर तोंडात काहीच ठेवलं नाही. माणूस बोलतोय तेच त्याच्या कानात किंचित बदलून सोडलं, एक स्वर दुसऱ्यासारखा ऐकू येईल असं. बोलणारे नकळत उलट बाजूला सरकले, कानाला हवा तो स्वर येईपर्यंत. आणि नंतर स्वतःचा आवाज ऐकू येऊ नये अशी व्यवस्था केली, तरी ते सरकलेलेच राहिले.

म्हणजे जिभेला अक्षराची जागा पाठ नसते. कानाला अक्षर पाठ असतं, आणि जीभ रोज नव्याने तिथे जायची वाट काढते. वाटेत कवळी आली, दांडी आली, सूज आली तर ती वळसा घालते. माणसाला आपली जीभ तोंडात जाणवत नाही तोवर तो बोलत असतो. जाणवायला लागली की अडखळतो. तिचं तेच झालं होतं. पहिले पंधरा दिवस ती वाचत नव्हती, जीभ हलवत होती.

पुढच्या वर्षी तिने मला मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. एका माणसाची जीभ शेंड्यापासून मध्यापर्यंत उभी चिरलेली. डावं अर्ध वर, उजवं खाली, मग उलट. “मस्त आहे ना, सर?” माझ्या अंगावर काटा आला, पण मी व्हिडिओ तीनदा पाहिला, हेही खरं. दोन्ही अर्धी वेगळी हलतात याचं नवल वाटायला नको. स्नायू जोडीने आहेत, नस डावी वेगळी, उजवी वेगळी. इतके दिवस दोघांनी एकत्र चालायचं ठरवलं होतं एवढंच. गर्भात जी शिवण पडली ती उसवायची. शरीराला ते मान्य नसतं, म्हणून चिरल्यावर कडा शिवाव्या लागतात. तशाच सोडल्या तर चीर मागच्या बाजूने पुन्हा जुळत येते.

बोलण्याचं काय? ‘स’ची पन्हळ जिथे पडते तिथेच फट. ‘ट’ला हवा पूर्ण अडवायची असते, आणि दोन फाकांमधून ती निसटू पाहते. ‘ल’ला मध्य बंद आणि बाजू मोकळ्या हव्यात, इथे मध्यच मोकळा. कागदावर मांडलं तर असा माणूस बोलूच शकू नये. प्रत्यक्षात ही माणसं दोन्ही फाका एकमेकींना घट्ट चिकटवून बोलायला शिकतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं बोलणं फोनवर ऐकलं तर कळणारही नाही. संस्कृतात ‘द्विजिह्व’ म्हणजे साप, आणि चहाडखोरही. चहाडखोराला एकच जीभ पुरते, हा भाग वेगळा.

तरी मी तिला नको म्हणालो, आणि तेवढ्यापुरतं वडीलधारेपण वापरलं. जीभ चिरणं ही शस्त्रक्रिया आहे आणि ती बहुतेक वेळा शल्यविशारद नसलेल्या माणसाकडून, दुकानात होते. इंग्लंडमध्ये अशाच एका प्रकरणात २०१८ साली अपील न्यायालयाने निकाल दिला की गिऱ्हाइकाची संमती हा इथे बचाव होऊ शकत नाही. ते काम करणाऱ्याला पुढच्या वर्षी चाळीस महिन्यांची शिक्षा झाली. अमेरिकन डेंटल असोसिएशन तर साध्या पियर्सिंगच्याही विरोधात आहे. त्यांच्या कारणांत एक कारण दातांचं.

आणि इथे माझं दंतवैद्यांशी पूर्ण एकमत आहे. बोलणं सावरतं, दात सावरत नाहीत. भोक भरून जीभ शांत झाल्यावर एक नवीनच उद्योग सुरू होतो: चाळा. गोळी दातांमागे घासायची, दातांमध्ये धरून ओढायची, विचार करताना टाळ्यावर फिरवायची. मी ते ऐकायचो. वाक्य संपून दुसरं सुरू होण्याआधीच्या शांततेत एक बारीक किरकिर. तिला पत्ताही नसायचा. खालच्या पुढच्या दातांमागची हिरडी अशाने हळूहळू खाली सरकते, दाढांचे कोपरे उडतात. २०१० मध्ये बफेलो विद्यापीठातल्या दंतवैद्यांनी सव्वीस वर्षांच्या एका बाईची केस मांडली. वरच्या दोन दातांमध्ये गोळी दाबायची सवय, सात वर्षं. दातांमध्ये चांगली फट पडली. त्या फटीतूनही ‘स’ निसटतोच. दांडीने जे सुरुवातीला बिघडवलं नव्हतं ते सात वर्षांनी दातांच्या वाटेने बिघडवलं. जंतुसंसर्गाचं फक्त एवढंच म्हणतो की तोंड ही स्वच्छ जागा नाही, आणि जिभेखालची सूज वाढत गेली तर श्वासाची वाट बंद होऊ शकते. अशा वेळी घरी गुळण्या करत बसायचं नसतं.

टोचणं तसं नवीन नाही. ब्रिटिश म्युझियममध्ये मेक्सिकोतल्या याशचिलान इथली एक कोरीव शिळा आहे. माया राजघराण्यातली एक स्त्री गुडघ्यांवर बसून आपल्या जिभेतून काटेरी दोर ओढते आहे. शिळेवरची तारीख इसवी सन ७०९ ची. लोक तिच्यातली भक्ती पाहतात, राजकारण पाहतात. मला वाटतं, पुढचे आठ दिवस ही बाई काय बोलली असेल आणि ते कोणाला कळलं असेल!

जीभ नसतानाही माणसं बोलली आहेत. ४८४ साली उत्तर आफ्रिकेतल्या तिपासा गावी तिथे राज्य करणाऱ्या व्हँडल लोकांचा राजा ह्युनेरिक याने काही ख्रिस्ती लोकांच्या धर्मावरून जिभा छाटल्या, आणि ते बोलत राहिले. पुढच्या शतकातला इतिहासकार प्रोकोपियस लिहितो की ते आपल्या काळातही कॉन्स्टँटिनोपल या राजधानीत राहत होते आणि स्वच्छ बोलत होते. शतकानुशतकं हा चमत्कार म्हणून सांगितला गेला. मग १७१८ मध्ये जूसिए या फ्रेंच वैद्याने जीभ न घेता जन्मलेल्या एका पोर्तुगीज मुलीचं वर्णन केलं. ती बोलायची, गिळायची, तिला चवही कळायची. १८७३ मध्ये एडवर्ड ट्विसलटन या इंग्रज गृहस्थाने अशा नोंदी गोळा करून पुस्तकच लिहिलं आणि नावातच सांगून टाकलं की बोलायला जीभ अत्यावश्यक नाही. चमत्काराची हवा गेली. पण मला तर हवा गेल्यावरच तो जास्त चमत्कार वाटतो. उरलेला बुंधा, गाल, ओठ, घसा सगळे मिळून गेलेल्याचं काम वाटून घेतात आणि ऐकणारा उरलेलं भरून काढतो.

ओठांचंही तसंच. अलास्काच्या बाजूच्या त्लिंगित भाषेत ओठांची व्यंजनं जवळजवळ नाहीत, आणि त्लिंगित स्त्रिया पूर्वी खालच्या ओठात मोठं भूषण घालत. दोन आणि दोन चार करायचा मोह होतो. पण उत्तर अमेरिकेतल्याच इरोक्वा कुळातल्या मोहॉकसारख्या भाषांतही ‘प’, ‘ब’, ‘म’ नाहीत आणि तिथे ओठात काही घालायची रीत नव्हती. उलट ब्राझीलचे रावनी हे कायापो या आदिवासी जमातीचे नेते. खालच्या ओठात बशीएवढी लाकडी चकती घालून त्यांनी आयुष्यभर जगभर भाषणं केली. त्यांचे लोक स्वतःला ‘मेबेंगोक्रे’ म्हणवतात. म्हणून पाहा. पहिलंच अक्षर ओठांचं, दुसरंही ओठांचं.

एक गोष्ट मी तिला मुद्दाम वाचायला दिली होती. मानेतला मज्जारज्जू तुटून हात-पाय गेलेल्या माणसाची जीभ बहुधा शाबूत राहते, कारण तिला हलवणारी नस मज्जारज्जूतून येत नाही, थेट मेंदूतून येते. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमधल्या संशोधकांनी याचा उपयोग केला. जिभेत चुंबकाची गोळी, गालांजवळ संवेदक, आणि जीभ ज्या दिशेला जाईल तिकडे खुर्ची. आधी चुंबक जिभेवर चिकटवून पाहिला, तो काही तासांत सुटायचा. मग त्यांनी पियर्सिंगचाच रस्ता धरला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हात-पाय गेलेल्या अकरा जणांनी जीभ टोचून घेतली आणि खुर्ची चालवली. नळीत फुंकून-ओढून चालवायच्या जुन्या पद्धतीपेक्षा खूपच वेगाने. तिने ते वाचलं आणि म्हणाली, “बघा, आणि तुम्ही मला बोलताय.” हा युक्तिवाद कुठे वळेल याचा अंदाज मला आधीच यायला हवा होता.

जीभ चिरायचं मात्र तिने सोडून दिलं. माझ्यामुळे नाही. ‘ळ’ गेला तर कामं जातील, असा तिचा स्वतःचाच हिशोब होता.

गेल्या महिन्यात एका सकाळी आम्ही एका जाड कादंबरीचा तिसरा भाग सुरू केला. पहिल्या पानावरच ती अडखळली. ‘सावळ्या’ तीनदा म्हणावा लागला. ‘संध्याकाळी’मध्ये ‘स’ बोथट झाला, तिने स्वतःच थांबून पुन्हा घेतला, पुन्हा बोथट. तीन पानांत सात रिटेक. अशी ती वाचत नाही. मी हेडफोनवर कान लावून टिक शोधला. टिक नव्हता. किरकिर नव्हती. दोन वाक्यांमधली शांतता, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, पूर्ण कोरी होती.

टॉकबॅकचं बटण दाबलं. “बरं नाहीये का?”

ती काचेपाशी आली आणि जीभ बाहेर काढली. मध्यावर टाचणीच्या टोकाएवढा एक गुलाबी ठिपका होता, बस्स. दंतवैद्याने हिरडी दाखवल्यावर आदल्या रात्री तिने दांडी काढून टाकली होती.

“शॉरी, सर,” ती म्हणाली, आणि आम्ही दोघंही हसलो. “दहा मिनिटं द्या.”

मी कवळी जिभेने जरा वर दाबली, घड्याळ पाहिलं आणि रेकॉर्डिंग तसंच चालू ठेवलं. काचेपलीकडे ती भिंतीकडे तोंड करून, हळू आवाजात, ‘जगात जगायचं, जगात जगायचं’ म्हणत होती.